चाळिशीच्या आत खुबा बदलायची वेळ आली तर: निर्णयापासून पहिल्या वर्षापर्यंत

म्हातारपणी गुडघे झिजतात आणि मग ते बदलतात, हे आता घरोघरी माहीत झालंय. पण बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर सांधा बदलायचं म्हणतात, तेव्हा तो बहुतेक वेळा गुडघा नसतो, खुबा असतो. म्हणून हा लेख मुख्यतः खुब्याबद्दल आहे. माझा स्वतःचा एक खुबा तरुणपणीच बदललेला आहे. तरी पुढचं सगळं माझ्या अनुभवाच्या जोरावर सांगत नाही. जे सर्वसाधारणपणे लागू पडतं तेवढंच सांगतोय. तुमच्या सर्जनचा शब्द यापेक्षा वरचा.

पहिली पायरी: आजाराचं नाव पक्कं करा

तरुणांचा खुबा खराब होण्याची आपल्याकडची दोन मोठी कारणं. एक एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस): मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, गोळा आतून मरत जातो आणि शेवटी वरून चेपतो. याच्यामागे जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत घेतलेली स्टिरॉइड, दारू, जुना अपघात असं काही सापडतं. कधी काहीच सापडत नाही. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेले, चाळिशीच्या आतले असे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवले होते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार हेही एव्हीएनचं ठरलेलं कारण आहे. दुसरं मोठं कारण अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. यात कण्याबरोबर खुबेही आखडत जातात. शिवाय आमवात, जन्मापासून उथळ राहिलेली खुब्याची वाटी, टीबीने खाल्लेला सांधा हे आहेतच.

नाव पक्कं करायचं कारण सरळ आहे. खुब्याचं दुखणं जांघेत जाणवतं, मांडीतून उतरतं आणि कित्येकांना तर फक्त गुडघ्यात जाणवतं. मग महिनोन् महिने गुडघ्याला शेक नाहीतर कमरेला पट्टा सुरू राहतो. जांघेत दुखतंय, मोजा घालताना पाय वर येत नाही, पायाची नखं कापता येत नाहीत, अशी लक्षणं असतील तर खुबा तपासून घ्या. एव्हीएन सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि तो दोन्ही खुब्यांचा करायचा. एका बाजूला एव्हीएन असलेल्या पुष्कळ जणांत दुसऱ्या बाजूलाही तो मुक्कामाला आलेला असतो, फक्त दुखायला लागलेला नसतो. गोळा अजून चेपला नसेल तर कोअर डिकम्प्रेशनसारख्या, म्हणजे हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याच्या, छोट्या ऑपरेशनने तो वाचवायचा प्रयत्न करता येतो. चेपल्यावर ती वाट बहुधा बंद होते.

या काळात कोणी ना कोणी मालिशवाल्याचा किंवा हाडवैद्याचा पत्ता देतोच. मालिशीने मेलेलं हाड जिवंत होत नाही, पण खरा धोका पुडीतल्या चूर्णाचा आहे. बिननावाच्या सांधेदुखीच्या औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर संशय घ्या. एव्हीएनच्या माणसासाठी तर ते ज्यातून दुखणं आलं तेच पुन्हा पोटात घालणं आहे.

स्पॉन्डिलायटिस किंवा आमवात असेल तर आधी संधिवाततज्ज्ञाकडून आजार आटोक्यात आणा. खुबा बदलल्याने खुबा सुधारतो, मूळ आजार तसाच राहतो आणि त्याची औषधंही सुरू राहतात.

दुसरी पायरी: आत्ता की नंतर?

तरुण माणसाची खरी कोंडी इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

"साठीपर्यंत ओढा" हा सल्ला उगाच आलेला नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून आजच्या धर्तीचा कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली. धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी. त्या काळचं प्लास्टिक वापराने झिजायचं, झिजलेल्या कणांमुळे आजूबाजूचं हाड विरघळायचं आणि सांधा सैल व्हायचा. तरुण माणूस जास्त चालतो, जास्त वर्षं जगतो, म्हणून त्याचा सांधा आधी जायचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी क्रॉसलिंक्ड, म्हणजे आतून जास्त घट्ट बांधलेलं, प्लास्टिक आलं आणि झीज खूप कमी झाली. सिरॅमिकही सुधारलं. सल्ला मात्र बऱ्याच ठिकाणी जुनाच राहिला.

आकडे बघू. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार १०० कृत्रिम खुब्यांपैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षं टिकले. गुडघ्यांचा आकडा ८२ च्या आसपास होता. यातले सांधे अर्थातच जुन्या पिढीचे, कारण २५ वर्षांचा हिशेब २५ वर्षांपूर्वी बसवलेल्या सांध्याचाच लागतो. त्याच नियतकालिकातल्या २०१७ च्या अभ्यासात वयाचा फरक दिसतो. सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांना आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के होती, तर पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. तुम्ही तर त्याहून तरुण आहात. म्हणून मी म्हणेन, आयुष्यात एक तरी रिव्हिजन, म्हणजे बसवलेला सांधा काढून दुसरा बसवायचं ऑपरेशन, होणार असं धरूनच चाला. नाही लागलं तर उत्तम.

हे वाचून "मग जितकं लांबवू तितकं बरं" असं वाटेल. पण लांबवणंही फुकट पडत नाही. लंगडून चालण्याने मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू वाळतात, कमरेवर आणि दुसऱ्या खुब्यावर भार येतो, पाय आखूड होतो. रोजच्या वेदनाशामक गोळ्या किडनीला आणि पोटाला भोवतात. स्पॉन्डिलायटिसमध्ये खुबा पूर्ण जाम झाला की ऑपरेशनही अवघड होतं. आणि तिशी ते पन्नाशी ही कमवायची, पोरं उचलायची, फिरायची वर्षं. ती खुर्चीत घालवून साठीत नवा खुबा मिळवायचा, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

एक वही करा आणि महिनाभर रोज चार गोष्टी लिहा: न थांबता किती चालता आलं, रात्री दुखण्याने जाग आली का, गोळी किती वेळा घेतली, आणि दुखण्यामुळे कोणतं काम टाळलं. सर्जनपुढे ही वही ठेवली की बोलणं मुद्द्याचं होतं. एक्स-रे भयंकर आहे पण तुम्ही मजेत चालताय, तर थांबा आणि मधूनमधून तपासत राहा. एक्स-रे मध्यम आहे पण रात्रीची झोप आणि नोकरी दोन्ही गेलीय, तर वयाकडे बघून अडून राहू नका.

लग्नाचा प्रश्न येतोच. "आधी लग्न उरकून घ्या, मग बघू," असं नातेवाईक सांगतात. ऑपरेशन झालेलं असेल तर लपवा म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: ऑपरेशन गरजेचं असेल तर आधी करा आणि समोरच्या घरी सरळ सांगा. हातभर लांब फाईल आणि मांडीवरचा व्रण फार दिवस लपत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती घातली जाते, की मूल होणार नाही. कृत्रिम खुबा गर्भारपणाच्या आड येत नाही, नैसर्गिक प्रसूतीही होऊ शकते. सांधा नीट बसून चालणं सुधारेपर्यंत थांबायचं, एवढंच. किती, ते सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना विचारा. आमवाताची काही औषधं मात्र गर्भधारणेच्या बऱ्याच आधी बंद करावी लागतात, ते विसरू नका.

तिसरी पायरी: सर्जन आणि सांधा

जाहिरात बघून सर्जन निवडू नका. भेटीत विचारा: चाळिशीच्या आतल्या रुग्णांचे खुबे तुम्ही नेहमी करता का? रिव्हिजन स्वतः करता का? जो रिव्हिजन करतो तो पहिल्या ऑपरेशनातही हाड जपून वापरतो, असा माझा अनुभवाने झालेला ग्रह आहे. ऑपरेशन मागून करणार की पुढून, हेही विचारून ठेवा, कारण नंतरची पथ्यं त्यावर ठरतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला संकोच नको. चांगला सर्जन त्यावर रागावत नाही.

तरुणांमध्ये बहुधा सिमेंटशिवायचा सांधा बसवतात. त्याच्या खडबडीत पृष्ठभागात हाड वाढून तो पक्का होतो. गोळा आणि वाटी कशाची, हा मुख्य प्रश्न. आज सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉसलिंक्ड प्लास्टिकची वाटी हे मिश्रण खूप चालतं. सिरॅमिकवर सिरॅमिक सगळ्यात कमी झिजतं, पण काहींचा सांधा चालताना करकरतो आणि क्वचित सिरॅमिक फुटतं. धातूवर धातू या प्रकारापासून लांब राहा. त्यातून सुटणारे धातूचे कण आजूबाजूच्या मांसाचं नुकसान करतात. असाच एक गाजलेला सांधा २०१० मध्ये जगभरातून परत घेतला गेला आणि भारतातल्या रुग्णांना भरपाईसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

टेनिसपटू अँडी मरेने २०१९ च्या जानेवारीत खुब्याचं रिसरफेसिंग करून घेतलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली, हे ऐकून बरेच जण तेच मागतात. रिसरफेसिंगमध्ये गोळा कापत नाहीत, त्यावर धातूची टोपी बसवतात. पण तेही प्रामुख्याने धातूवर धातूच, आणि त्याचे चांगले निकाल मोठ्या हाडांच्या पुरुषांत दिसतात. एव्हीएनने गोळ्याचा बराच भाग मेला असेल तर टोपी बसवायला भक्कम हाडच उरत नाही.

रोबोच्या मदतीने होणाऱ्या ऑपरेशनबद्दल थोडक्यात: सांधा बसवण्यात अचूकता येते, सांधा जास्त वर्षं टिकतो हे अजून सिद्ध व्हायचंय. बिल मात्र नक्की वाढतं.

चौथी पायरी: पैसे

हे काम तारीख ठरवायच्या आधी करा, नंतर नाही.

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तो आदेश गुडघ्यांपुरता होता. त्यामुळे खुब्याच्या बाबतीत सांध्याची किंमत, कंपनी आणि प्रकार कोटेशनमध्ये वेगळा लिहून मागा. "पॅकेज" या एका शब्दावर समाधान मानू नका. औषधं, फिजिओ, रक्त, आयसीयूचा एखादा दिवस त्यात आहे का, ते विचारा.

खाजगी विमा असेल तर पॉलिसी उघडून प्रतीक्षा कालावधी बघा. अपघात सोडला तर सांधेबदलाला बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षांची अट असते. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर बाकीच्या बिलातूनही त्या प्रमाणात कापलं जातं, म्हणून मोठ्या खोलीचा मोह टाळा. एव्हीएनच्या कागदावर डॉक्टरने "दारूमुळे" असं लिहिलं असेल तर दावा अडकू शकतो. खोटं लिहायला सांगू नका, पण जे कारण तुमच्या बाबतीत खरं नाही ते सवयीने लिहिलेलं असेल तर दुरुस्त करून घ्या.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र हा योजनेचा मदतनीस बसलेला असतो. तुमचं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेतून होतं का, हे त्यालाच विचारा, रिसेप्शनला नाही. रेशनकार्ड आणि आधारवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे ना, ते आधी बघा; गाडी इथेच अडते. योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे खुबा आणि गुडघा बदलण्यासाठी अर्ज करता येतो. तो उपचार चालू असतानाच करायचा. खर्च करून झाल्यावर बिलं परत मिळत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा आणि तिथल्या समाजसेवकाला भेटा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करा.

पाचवी पायरी: आधीचा महिना-दीड महिना

कृत्रिम सांध्याचा सगळ्यात मोठा शत्रू जंतुसंसर्ग. आत जंतू शिरले तर सांधा काढावाही लागू शकतो. म्हणून किडलेला दात, नखुरडं, गळू, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधला चिखल्या हे सगळं आधी बरं करा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. त्या खुब्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर निदान तीन महिने जाऊ द्या. सिगारेट, तंबाखू, मिश्री किमान चार ते सहा आठवडे आधी बंद. निकोटिन हाड आणि जखम दोन्ही भरू देत नाही, मग ते धुरातून येवो की गालातून.

औषधांची यादी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ तिघांनाही दाखवा. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध बहुधा चालू ठेवतात. आमवात-स्पॉन्डिलायटिससाठी बायोलॉजिक नावाची, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी इंजेक्शनं घेत असाल तर पुढचा डोस टाळून त्याच्या सुमाराला ऑपरेशन बसवतात. स्टिरॉइडची गोळी रोजची असेल तर ती मनाने बंद करणं धोक्याचं. सिकलसेल असेल तर रक्त आधी भरायचं का, याची चर्चा रक्तविकारतज्ज्ञाबरोबर व्हायलाच हवी.

घराकडेही बघा. जमिनीवरची गादी चालणार नाही, गुडघ्याच्या उंचीपेक्षा वर येईल असा पलंग हवा. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर कमोड खुर्ची, भाड्यानेही मिळते. न्हाणीत उंच स्टूल आणि घट्ट बसणारी रबरी चटई. सतरंज्या, पायपुसणी, लोंबणाऱ्या वायरी उचला. चाळीत किंवा गावाकडे शौचालय घराबाहेर असेल तर पहिले काही आठवडे कुठे राहायचं ते आताच ठरवा. वॉकरने चालायचा सरावही आधीच करून ठेवा, आणि फिजिओकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्या.

सहावी पायरी: रुग्णालयात

इथे तुम्हाला फारसं काही करायचं नसतं. बहुधा कमरेखालची भूल देतात. स्पॉन्डिलायटिसमध्ये कणा जुळून आला असेल तर ती देणं अवघड जातं, म्हणून भूलतज्ज्ञाला आधीच भेटा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. जखम दुखते, पण ते जुनं, हाडातलं दुखणं गेलेलं बहुतेकांना लगेच कळतं. दोन्ही पाय सारखे वाटत नाहीत, नवा पाय लांब झाल्यासारखा भासतो. स्नायू सैलावले की हा भास बहुधा जातो. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेलं औषध घरी गेल्यावरही सांगितलेल्या तारखेपर्यंत घ्या.

सातवी पायरी: पहिले तीन महिने

मागून केलेल्या ऑपरेशनात तीन नियम: खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. तिन्ही एकत्र घडलं की सांधा निखळू शकतो. म्हणजे खाली पडलेली किल्ली वाकून उचलायची नाही, मऊ सोफ्यात रुतून बसायचं नाही, कुशीवर झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी घ्यायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. तरुणांना सांगायची गोष्ट म्हणजे आवरा. चौथ्या आठवड्यात इतकं बरं वाटतं की वॉकर फेकून द्यावासा वाटतो, पण सांध्यात हाड रुजायला वेळ लागतो.

बघायला येणारे "एवढ्या लहान वयात?" असं पलंगाशेजारी बसून म्हणणारच. त्यांना चहा द्या, आणि सर्दी-ताप असलेल्यांना दारातूनच निरोप द्या.

पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, जखमेतून पाणी किंवा पू, ताप, पाय एकाएकी आखूड होऊन वळणं, यातलं काहीही झालं तर फोनवर सल्ले घेत बसू नका, रुग्णालयात जा.

आठवी पायरी: जमीन, गाडी, काम आणि बाकीचं

मांडी घालणं आणि उकिडवं बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांडीत पाय बाहेर वळतो, उकिडवं बसताना खुबा पूर्ण दुमडतो. काही सर्जन काही महिन्यांनी मांडी घालायला परवानगी देतात. पुढून केलेल्या ऑपरेशनाचं गणित वेगळं असतं. स्वतः ठरवू नका. पंगतीत आणि आरतीला खुर्ची मागायची लाज वाटते, पण ती सवय करून घ्या.

बैठं काम सहा आठवड्यांच्या आसपास सुरू करता येतं. शेतीचं, उभ्याचं किंवा ओझ्याचं काम तीन महिन्यांच्या पुढे. गाडी चालवायची तर जोरात ब्रेक दाबता आला पाहिजे आणि गुंगीच्या गोळ्या बंद झालेल्या हव्यात. मोटरसायकलला घाई नको: टांग टाकणं, स्टँड लावणं, खड्ड्यात पाय टेकवणं, तिन्हींत सांधा पिळतो. साडी नेसून एका बाजूला बसणंही तसंच. मुंबईच्या गर्दीच्या लोकलमध्ये काठी दिसेल अशी धरा, लोक बाजू देतात.

शरीरसंबंधांबद्दल रुग्ण विचारत नाहीत आणि डॉक्टर सांगत नाहीत. साधारण सहा आठवड्यांनंतर, वरचे तीन नियम पाळून आणि खुब्यावर जोर येणार नाही अशा स्थितीत, हरकत नसते. तुमच्यासाठी नक्की कधी, हे नवरा-बायकोने मिळून एकदा सरळ विचारा.

चालणं, पोहणं, सायकल खुशाल करा. कबड्डी, फुटबॉल, रोज डांबरी रस्त्यावर पळणं सोडा. विमानतळावर यंत्र वाजेल. तपासणीआधीच जवानाला सांगा. आजच्या बहुतेक कृत्रिम सांध्यांसह एमआरआय करता येतो, फक्त तंत्रज्ञाला आधी कल्पना द्या.

नववी पायरी: कागद

डिस्चार्जच्या फाईलमध्ये सांध्याच्या प्रत्येक भागाचे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. ते नसतील तर मागून घ्या, घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. ऑपरेशन नोट आणि ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे फोनमध्ये साठवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. सांधा कधीकधी न दुखता सैल होतो, म्हणून पहिल्या वर्षानंतरही सर्जन सांगेल तसा दर काही वर्षांनी एक्स-रे काढायचा, बरं वाटत असलं तरी. पुण्याहून बंगळूरला किंवा दुबईला बदली झाली तर ही फाईल सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. वीस-पंचवीस वर्षांनी रिव्हिजनची वेळ आली तर तेव्हाचा सर्जन आधी हेच स्टिकर मागेल: आत कोणत्या कंपनीचं काय बसवलंय हे कळलं तर तो त्या मापाची हत्यारं मागवून ठेवेल, नाहीतर अंदाजाने हाड फोडत बसावं लागेल.